दोघांपुरती वाट

या माघी पौर्णिमेला, दिवस उगवता उगवता, नांदेडच्या पलीकडच्या काठावर माझ्या थोरल्या मामांच्या पायाखालची वाट खचली आणि ते वाळूउपशाच्या खड्ड्यात पडले. अन्याय त्यांच्यावर झाला, हे आधीच सांगून टाकते; कारण पुढचं ऐकून तुम्हाला हसू येईल. एवढा हट्टी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही.

मास्तरकीतून सुटले आणि मामांनी गोदावरीची परिक्रमा धरली. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि फेरा पुरा होईतो पात्र ओलांडायचं नाही, हा नियम. घराकडच्या काठानं ते समुद्रापर्यंत गेले, मुखाशी समुद्रातून होडीनं वळसा घालून समोरच्या काठानं उगमाकडे निघाले. मामा नियमाच्याही दोन पावलं पुढे. एका गावात त्यांनी न्हाव्याची खुर्चीच फिरवायला लावली, कारण दाढी होईतो नदी डाव्या हाताला राहिली असती. बेटावरच्या मठात पुरणपोळीचं आमंत्रण आलं, तर हे काठावरच हात जोडून उभे. "अर्धी नदी बी ओलांडलेलीच की!" शेवटी पुजाऱ्यानं ताट होडीतून धाडलं.

असा माणूस त्या दिवशी घोटा मोडून खड्ड्यात बसलेला. हाडांचा दवाखाना पुलापलीकडे, घरही पलीकडेच, आणि मामा म्हणतात, "मला पुलावर न्यायचं न्हाई." मी ओरडले, रडले. काही उपयोग नाही. अखेर डॉक्टरांनाच विनवण्या करून ऑटोतून आणलं. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर, हाडाचा फोटो न काढताच प्लास्टर घातलं. घोटा वाकडा जुळला.

मामा अजून त्या ओसरीवरच आहेत. मामी रोज डबा घेऊन येते.

"समुद्र गाठला तुम्ही, अन् घर गाठंना!"

"तू रोज पूल ओलांडून राहिलीस. तुझं पुण्य चाललं वाहून."

"जाऊ द्या. वरण गरम हाय, खाऊन घ्या."

खचलेल्या वाटेची तक्रार घेऊन मी तहसील कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "नकाशात तिथं वाटच नाही. मग गेलं काय?" पिढ्यान् पिढ्या माणसं चालली, ती हवेतून चालली का? वाळू उपसणाऱ्यांची नावं सगळ्या गावाला पाठ आहेत. कागदालाच तेवढी ठाऊक नाहीत. खड्डा रोज काठ खातोय. पावसाळ्याआधी वाट झाली नाही, तर मामांची परिक्रमा इथंच संपेल.

परवा प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणाले, आता कुणाला तरी धरूनच चालावं लागेल. मामा मामीकडे न बघता मला म्हणाले, "माय, वाट दोघांपुरती रुंद लागंल मंग."

मामीनं डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं.

तुम्ही हळहळाल, हे मला माहीत आहे. हळहळ नको. येत्या रविवारी सकाळी पूल ओलांडून या, आणि येताना फावडं आणा.