हिराताईच्या हातचं पॅकिंग

हिराताईच्या नंबरवरून मिस्ड कॉल आला, की समजायचं, तिचा मासळीचा टेम्पो उरणहून निघाला. मग मी पनवेलच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात तिचा चहा सांगून ठेवायचो. त्या सकाळी मात्र रिंग वाजतच राहिली. उचलला, तर तिची मुलगी दीपाली. "शेट, आई गेली..." एवढंच बोलली. आता महिना होत आला, तरी सकाळी फोन वाजला की चहावाल्याला हाक मारायला तोंड उघडतं आणि मग माझा मलाच राग येतो.

नवरा वारल्यावर त्याचा टेम्पो ती स्वतः चालवायला लागली. दीर होडीवाला. माणूस वाईट नाही, पण 'बाईमाणसाला झेपायचं नाय, विकून टाक' म्हणून मागे लागलेला. टेम्पो गेला असता तर दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या मर्जीने तिच्या टोपल्या पनवेलच्या बाजारात आल्या असत्या, आणि उशिरा आलेल्या मासळीकडे कोण बघतं? त्यात एकदा वाटेत गाडी तापली, तर बरोबर बसलेल्या या पठ्ठ्या दिराने रेडिएटरमध्ये खाडीचं पाणी ओतलं. होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यावर थंड होतं, मग टेम्पोचं का होणार नाही? ही चूक कोळीवाड्यातलाच माणूस करू जाणे. पुढे वॉटर पंप जिथे इंजिनाला टेकतो तिथली कड मिठाने खाल्ली, खड्डे पडले आणि कूलंट गळायला लागलं. मेकॅनिकने पंप आणि इंजिनाच्या मधे नवं पॅकिंग, म्हणजे गळू नये म्हणून बसवायची जाड कागदी चकती, टाकलं, तेही गळलं. दिराने सांगून टाकलं, "आता परत गळली, का गिऱ्हाईक आनतो."

दुसऱ्या दिवशी हिराताई पंप खोलून, फडक्यात गुंडाळून माझ्या दुकानात हजर. "शेट, जाडातलं जाड पॅकिंग द्या."

मी डाफरलोच. "जाड पॅकिंगने खड्डे बुजत नाहीत, ताई. बोल्ट आवळले की दबून फाटेल. नवा पंप मागवतो."

"तो येईस्तवर गाडी उभी ऱ्हायली, तर दीर बरा सोडंल मला," ती म्हणाली. मग पंपाकडे बघत बसली. "खड्डेच नाय ठेवले तर?"

मी काचेचा तुकडा दिला, त्यावर पॉलिश पेपर अंथरून दिला. बाई ओट्यावर बसली आणि पंपाची कड घासायला लागली. दुपार सरली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत यायची, एकाने 'लेथवाल्याकडे दे की' असा शहाणपणाही शिकवला. तिने मान वर केली नाही. मधेमधे कडेवरून नख फिरवायची, अडकलं की पुन्हा घासायची. नख कुठेच अडकेना तेव्हा उठली आणि माझ्या पॅकिंगच्या शीटांमधलं मधलं निवडलं, फार जाड नाही, फार पातळ नाही. कडेला तेल लावून पंप त्या शीटवर दाबला, उमटलेल्या ठशावरून पॅकिंग कापलं. मी फटी बुजवायच्या पेस्टची ट्यूब पुढे केली, ती तिने परत सरकवली. "सपाट केलाय ना? मग कशाला?" आणि भोक पडलेलं शीट माझ्याच हातात दिलं. "टांगून ठेवा. परत लागंल."

"माझं दुकान आहे, तुझी खुंटी नाही," मी म्हणालो. आणि टांगलं. हट्टी माणसं मला आवडतात, आणि ही तर फारच आवडायची.

ते पॅकिंग वर्षानुवर्षं टिकलं. गिऱ्हाइकाची भाषा बंद झाली. पुढे पुढे तर दीरच आपली जाळी तिच्या टेम्पोत टाकून न्यायचा.

काल दीपाली आली, हातात फडक्यात गुंडाळलेला तोच पंप. पुन्हा गळायला लागलाय. "काका म्हनतान, आई होती तवर ठीक होतं, आता विकू." त्यांच्या घरचा मामला. तिची नजर खुंटीकडे गेली. "आईचं शीट हाय ना अजून?"

मी काढून दिलं. पंपाच्या आकाराचं ते भोक बघितलं आणि मला रडू आवरलं नाही. दीपालीने पंप शेजारच्या कोऱ्या जागेवर ठेवून बघितला, मावत होता. वाटलं, आता तेल मागेल. पण तिने पंप उचलला, कडेवरून नख फिरवलं आणि ओट्यावर जाऊन बसली.

"आधी काच द्या, शेट."

आज सकाळी हिराताईच्या नंबरवरून मिस्ड कॉल आला. मी चहा सांगितला.