मामांच्या अंगणातली मोजणी

माझे मामा सुतार. कुणाचं दार फुगलं, कुणाच्या खाटेचा पाय डगमगला, की हाक मामांना. वर्कशॉप घराला लागूनच, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. त्या करवतीच्या आवाजात मामीनं तीस वर्षं संसार केला. एवढ्या वर्षांत कधी कुरकुर नाही.

"करवत संध्याकाळी थांबते तरी," ती म्हणायची. "हे पंखे थांबतच नाहीत."

टेकडीवर पवनचक्क्या आल्या त्याला दोन वर्षं झाली. सगळ्यात जवळची घरापासून साडेचारशे मीटरवर. वारा तिकडून असला की घूं, घूं, घूं, सेकंदाला एक. मामीनं आधी कानात कापूस घातला, मग झोपेच्या गोळ्या सुरू केल्या. गोळीच्या गुंगीत ती जिन्यावरून पडली, मनगट मोडलं. बहिणीकडे गेली ती गेलीच. "रात्री ती जवळची चक्की बंद ठेवतील, त्या दिवशी येते."

मामांनी तक्रार लिहिली. शेजारच्या अकरा घरांच्या सह्या मिळवल्या. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी पोचले, तेव्हा चक्क्यांच्या कंपनीचा जाडजूड अहवाल त्यांनी माझ्यासमोर टाकला.

"तू इंजिनिअर ना? सरळ भाषेत सांग, काय लिहिलंय."

नियम सोपा होता. चक्क्या येण्याआधी त्या जागी जेवढा आवाज होता, त्याहून पाच डेसिबल जास्त चालतो. म्हणजे आधीचा आकडा जितका मोठा, तितकी कंपनीला मोकळीक. आधीची मोजणी आठ दिवसांची, मामांच्याच अंगणात; तोच आकडा शेजारच्या अकरा घरांनाही धरलेला. रात्रीचा आकडा बेचाळीस, म्हणजे सत्तेचाळीसपर्यंत मुभा; चक्क्यांचा आवाज त्याच्या आतच बसत होता. अशा वस्तीत तो तीसच्या आसपास असायला हवा.

"मामा, त्या आठवड्यात रात्री काय चालू होतं?"

ते पेन्सिलीला टोक करू लागले.

"भुसा ओढायचा पंखा. आणि करवत."

"रात्रभर?"

"अगं, शहरातनं माणसं मशीन घेऊन आलेली. शाळेचे दोन वर्ग बंद पडलेले, बस दिवसाला एक. म्हटलं, यांना गाव मेलेलं दिसायला नको. कामाचं गाव आहे, असं कागदावर जाऊ दे."

ऑर्डरीचं लाकूड तिसऱ्या रात्रीच संपलं होतं. पुढे त्यांनी जुन्या फळ्या कापल्या.

"हे सांगितलंत तर मोजणी रद्द होऊ शकते," मी म्हटलं.

"अकरा घरांसमोर?"

"त्यांच्यासमोरच."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मामा उठले आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मागून शेजारचा डेअरीवाला ओरडला, "पायावर कुऱ्हाड सगळेच मारतात हो! सुतारानं थेट करवत लावली, तीही आमच्या पायाला!" दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

कंपनीच्या वकिलांनी एक कागद पुढे केला. मोजणी संपल्यावर मामांची सही घेतलेली: काम नेहमीप्रमाणेच चालू होते.

"तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हा," मामा म्हणाले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी कागद दोनदा वाचला. नव्यानं मोजायचं तर सगळ्या चक्क्या आठ दिवस बंद ठेवाव्या लागतील. सही केलेला माणूस आता उलट बोलतोय, तेवढ्यावर तसा आदेश मला देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. तक्रार निकाली निघाली.

घरी येऊन मामांनी मामीला फोन लावला.

"फेटाळली?" तिनंच विचारलं.

"हो. माझ्यामुळे." मग त्यांनी आठ रात्रींचं सांगितलं.

"मला तेव्हा म्हणालात, ऑर्डर आहे."

"हो."

"बरं. आता तुम्हीच या इकडे. घर राहू दे."

"अकरा घरं जागी ठेवून मी कुठे झोपायला येऊ गं? तू तिथेच राहा."

तिनं फोन ठेवला.

सकाळी ते टेप आणि वही घेऊन डेअरीवाल्याकडे गेले. त्यांना अकराही घरांच्या खिडक्यांना दुहेरी काचेच्या चौकटी बसवून द्यायच्या होत्या, निदान आवाज थोडा तरी कमी होईल. मी सोबत होते. त्यांनी दोनदा हाक मारली. आत माणसं बोलत होती, ती थांबली. दार काही उघडलं नाही.

मामांनी खिडकीचं माप बाहेरूनच घेतलं.