नसीमबाईंनी काढून टाकलेल्या खुर्च्या

मी चिमूरच्या डाकघरात लोकांची पत्रं वाटली, स्वतः मात्र फारशी लिहिली नाहीत. हेही नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. पण शेजारच्या नसीमबाईंबद्दल कोणी लिहीना, म्हणून बसलो.

त्यांचे पती अयूब लाउडस्पीकर लावायचे. नाटक असो, लग्न असो, भोंगे त्यांचेच. मागच्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि कंबर गेली. सामान विकून दुकान बंद करू, असं म्हणू लागले. त्याच सुमारास नव्या समाजमंदिरात स्पीकर आणि पडदा बसवायचं काम निघालं. समितीचे सचिव दिनेश म्हणाले, "आधी कंप्युटरवरचं डिझाइन पायजे. आवाज कुठवर जाते, ते दिसलं पायजे." नसीमबाई म्हणाल्या, "मी करून देईन." हे काम मिळालं तरच दुकान टिकणार होतं.

मुलगी शिरीन नागपूरला असते. तिने आपला जुना लॅपटॉप आणि ते डिझाइनचं सॉफ्टवेअर दिलं. पहिल्या दिवशी मी चहाला गेलो तर नसीमबाई घाबऱ्याघुबऱ्या. "पत्रूभाऊ, मंदिर हरवलं!" त्यांनी नकाशा मोठा करता करता इतका सरकवला होता, की लॅपटॉपच्या पडद्यावर पांढऱ्याशिवाय काहीच उरलं नव्हतं. मला त्यातलं काय कळणार? शेवटी एक बटण दाबल्यावर अख्खं मंदिर परत आलं. त्या बटणावर त्यांनी नखपॉलिशचा लाल ठिपका लावला.

मग हळूहळू वाट सापडत गेली. डावीकडे सामानाची यादी. त्यातून स्पीकर ओढून नकाशावर ठेवायचा, माईकपासून त्याच्यापर्यंत रेघ जोडायची. रेघ चुकली की ती लाल व्हायची. सगळं जुळलं की आवाजाचा रंग पसरायचा, जिथे चांगला ऐकू येईल तिथे हिरवा.

"काय वो, रांगोळी काढून राह्यली का?" अयूब खाटेवरून विचारायचे.

"तुमच्या भोंग्यायपेक्षा बरी हाय. निदान कान तं फाडत नाई."

अख्खं मंदिर हिरवं झालं, त्या दिवशी त्यांनी डिझाइन दिनेशकडे दिलं. मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला.

त्याच आठवड्यात समाजमंदिरात भजन होतं. नसीमबाई दारातून डोकावल्या आणि तिथेच थांबल्या. सतरंजीवर लोक मांडीला मांडी लावून बसले होते. बाया आणि पोरं तर थेट मंचाला टेकलेली. त्या तशाच घरी आल्या. मीही मागोमाग गेलो.

"भाऊ, म्या सारे खुर्च्यायवर बसवले," त्या म्हणाल्या.

सॉफ्टवेअरने लोकांचे कान खुर्चीच्या उंचीवर धरले होते, आणि पहिली रांग मंचापासून चांगली लांब. त्यांनी खुर्च्या काढल्या, माणसं जमिनीवर बसवली, मंचापर्यंत आणली. पुढचा सगळा भाग निळा पडला. आवाज बायांच्या डोक्यावरून जात होता.

अयूब म्हणाले, "राहू दे न. दिनेशले काय समजते? चुकलं म्हनशीन तं काम जाईन."

"अन् बायायले ऐकू नाई आलं तं?"

त्यांनी मोठे स्पीकर खाली वाकवले, मंचाच्या काठाशी दोन लहान जोडले. पुन्हा हिरवं झालं. मग त्या दिनेशकडे गेल्या. मी सोबत होतो.

"म्हंजे पयलं चुकलं होतं?" दिनेशनी विचारलं.

"हो. खुर्च्या मांडल्या होत्या म्या."

दिनेशनी दोन्ही डिझाइनचे कागद शेजारी ठेवून पाहिले. मग हसू लागले. "आमच्या भजनात खुर्च्या! बाई, काम तुमीच करा. चूक सांगाले परत येनारं मानूस कुठी शोधू?"

स्पीकर चढवायला दुसरा माणूस लावला. अयूब खाली बसून त्याला ओरडत होते, "अजून वाकव! अजून!" मग त्यांनीच माईक घेतला. "हॅलो, हॅलो... नसीम, ऐकू येते का?"

त्या मंचाला टेकून, सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. "येते! हळू बोला!"

परवा जिवतीच्या एका शाळेतून फोन आला, सभागृहाचं डिझाइन हवंय म्हणून. खोली केवढी, भिंती कशाच्या, हे नसीमबाईंनी नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "तुमच्या इथी लोक बसतेत कसे?"