दारातून न निघालेलं पठार

बनारसच्या दक्षिणेला जमीन कुठे उचलली जाते हे मला आधी बोटाने कळलं. डोळ्यांनी बघायचा योग बऱ्याच वर्षांनी आला. माझे काका ज्या कॉलेजात भूगोल शिकवत, तिथल्या एका खोलीत त्यांनी केलेला उठावाचा नकाशा होता. टेबलावर ठेवलेला म्हणायचं, पण टेबल दिसतच नसे. चारी बाजूंनी माणसं वाकली तरी मधल्या डोंगरापर्यंत हात पोचवायला टाचा वर कराव्या लागत. उत्तरेच्या कडेला गंगेची सपाटी. मग अहरौऱ्याजवळ विंध्याची पहिली पायरी आणि तिच्यावर जंगलाचं रुंद पठार. पठाराच्या दक्षिण टोकाला कैमूरचा उभा कडा, कड्याच्या पायाशी सोन नदी, आणि सोनच्या पलीकडे दुद्धीच्या बाजूचे अस्ताव्यस्त डोंगर. त्यांच्यामध्ये रिहंद धरणाचं पाणी म्हणून मागून निळा रंग दिलेली काच बसवली होती. साल, तेंदू आणि मोहाचं रान म्हणजे हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा. नकाशा जुना झाला तसं हे रान विरळ होत गेलं. त्यामुळे तो अधिकच खरा वाटू लागला.

काकांची तोंडी परीक्षा या नकाशावर होई. विद्यार्थ्याने डोळे मिटायचे आणि बोटाने अहरौऱ्याहून दुद्धीला जायचं. वाटेत काय लागलं ते सांगायचं. पठारावर बेलन आणि कर्मनाशा सापडेपर्यंत सगळे हुशार असत. मारकुंडीला कडा येई, आणि बेसावध बोट सरळ खाली सोनमध्ये जाई. काका शांतपणे म्हणत, "गिर गए। घर पर खबर कर दें?" मी त्यांचा पुतण्या, त्यामुळे मला ते दोनदा पाडत.

उंची त्यांनी पाच पट वाढवून दाखवली होती. तेवढी वाढवली नाही तर विंध्य टेबलावर दिसतच नाही, असं ते म्हणायचे. पुढे त्याच कॉलेजात मी त्यांच्या जागी आलो. खुर्ची घरातच राहिली असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. डगमगणारा पायसुद्धा तोच होता. तिथल्या सभा-समारंभांत बसून बसून मला या पाच पटींची फार वेळा आठवण झाली.

गेल्या हिवाळ्यात नव्या प्राचार्यांनी ठरवलं की त्या खोलीत स्मार्ट क्लास करायचा. म्हणजे एक मोठा पडदा, गारेगार हवा आणि उद्घाटन. यांतलं उद्घाटन सगळ्यांत आधी ठरलं. पाहुण्यांची तारीख मिळाली, फ्लेक्स छापून आले, दाराशेजारी पाहुण्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली आणि तिच्यावर मखमलीचा पडदाही लागला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आत एक पठार आहे.

"सर, ये जो आपका पहाड़ है, इसे कहीं शिफ्ट करा दीजिए," प्राचार्य म्हणाले.

मी सांगितलं की तो दारातून जाणार नाही.

"तो आया कैसे था?"

"आया नहीं था। यहीं बना था।"

एखाद्याने बेकायदा बांधकामाची कबुली द्यावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरी गोष्ट एवढीच होती की काकांनी टोपोशीटवरच्या समोच्च रेषांप्रमाणे पुठ्ठे कापून, थरावर थर चढवून, वर तारेची जाळी आणि प्लास्टर बसवून हे काम त्या खोलीतच कित्येक वर्षं केलं होतं. काम चालू असताना दाराची रुंदी कुणी मोजली नाही. नंतर व्हरांड्यात भिंत घातली तेव्हा दार आणखी अरुंद झालं, तेही कुणी मोजलं नाही. खिडकी काढावी म्हटलं तर तिच्याखाली नव्या एसीचं यंत्र बसलेलं. उरलं दार. ते रुंद करायचं तर पाटी काढावी लागणार होती.

काका तेव्हा अंथरुणावर होते. डोळे काचबिंदूने आधीच नेले होते. मग न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या, त्यांतल्या बाहेरच्या खोलीत त्यांची खाट. मी रोज संध्याकाळी जात असे. ते तब्येतीविषयी बोलत नसत. पहिला प्रश्न ठरलेला.

"नकाशा बरा आहे ना?"

"आहे."

"पायांत थोडी ताकद आली की एकदा घेऊन चल. हात लावून येईन. तोवर हलवू देऊ नकोस."

मी "बघतो" म्हणत असे. पायांत ताकद येणार नव्हती हे डॉक्टरांनी मला आणि काकींना सांगितलं होतं. काकांना सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांना माहीत होतं.

स्मार्ट क्लासची बातमी मी लपवणार होतो. पण या गल्लीत बातमी माझ्याआधी पोचते.

"दार फोडा," काका म्हणाले. "दार काय, पुन्हा बसवता येतं."

"दाराशेजारी पाटी लागली आहे, काका. पाहुण्यांच्या नावाची."

"येऊन गेले पाहुणे?"

"अजून नाही."

"मग त्यांची पाटी कशाला इतकी परेशान आहे?"

आतून काकी म्हणाल्या, "यांचा डोंगर आणि माझे गुडघे, दोन्हींचं गाऱ्हाणं तूच ऐकतोस रे बाबा. बैस, चहा टाकते."

मी अर्ज केला. प्राचार्यांनी तो वाचला, जपून ठेवला, आणि म्हणाले की भावना समजतात. दुसरा अर्ज केला तेव्हा म्हणाले की भावना तर सगळ्यांच्याच असतात. मी विभागातल्या लोकांना बरोबर घेऊन भेटलो, तर आम्हा सगळ्यांना त्यांनी समोसे खाऊ घातले आणि समारंभाच्या समित्यांवर नेमून टाकलं. माझ्याकडे फितीची कात्री आली. शेवटी निर्णय असा झाला की पहाड़ कापून काढावा, उद्घाटनाच्या आधी. कुठे कापायचा हे भूगोलवाल्यांनी ठरवावं. यात आमच्या विषयाचा सन्मान होता, असंही मला सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी काकांनी नकाशाची चौकशी केली आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना तेवढं पुरलं.

"किती तुकडे?" त्यांनी विचारलं.

"दोन झाले तर दारातून निघेल म्हणतात."

 त्यांची बोटं चादरीवर काहीतरी चाचपत होती. मग वर्गात बोलत तशा आवाजात म्हणाले, "सोनवर काप. तिथे जमीन मुळातच फाटलेली आहे, आणि नदी त्या चिरेतून वाहते. उत्तरेला पठार, दक्षिणेला डोंगर. दगड वेगळा, उतार वेगळा. दुसरीकडे कुठे करवत लावलीस तर माझं काम बिघडेल. तिथे लावलीस तर निसर्गाने जे केलं आहे त्याला नुसता दुजोरा मिळेल."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, बरं वाटलं. इतक्या बेअकलेच्या गोष्टीत निदान एक गोष्ट शास्त्राला धरून होणार होती. तोडायचंच तर नैसर्गिक विभागांप्रमाणे तोडावं, यात एका खोलीतल्या दोन भूगोलवाल्यांना काहीही खटकलं नाही.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला खडूने नदीची रेघ ठळक करून दिली आणि वळणं सोडू नका म्हणून बजावलं. त्याने एकही वळण सोडलं नाही. चोपनजवळ रिहंद येऊन मिळते तिथे तर त्याने पातळ पात्याची करवत घेतली. जाळी लागली की पत्रा कापायच्या कात्रीने तोडायचा आणि पुढे जायचा. मी शेजारी उभा राहून "सावकाश" एवढंच म्हणत होतो. बाहेर झेंडूच्या माळा बांधत होते, माइकवर कुणीतरी आकडे मोजत होतं. टेबलाखाली पांढऱ्या भुकटीचा ढीग पडला. त्यात किंचित निळी झाक होती. जुना रंग कुठूनही उडतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. झाडूवाल्याने ती भुकटी आणि गळून पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या एकाच सुपात भरून नेल्या. दोन्ही तुकडे दारातून निघाले. पाटीला ओरखडाही उठला नाही, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मीही.

पाहुणे बऱ्याच उशिरा आले. मी तबक पुढे केलं, त्यांनी कात्री उचलली, फीत कापली, पाटीवरची मखमल बाजूला सारून स्वतःचं नाव नीट वाचलं. खोलीत गेल्यावर त्यांनी सभ्यपणे विचारलं, "यहाँ पहले क्या था?"

"कुछ नहीं सर," प्राचार्य म्हणाले, "स्टोर टाइप का था।"

माझ्या हातात तबक होतं. तबक धरलेल्या माणसाने मध्येच बोलायची पद्धत नाही. असती तरी मी बोललो असतो असं खात्रीने सांगता येत नाही.

उत्तरेचा तुकडा, म्हणजे गंगेची सपाटी आणि पठार, मागच्या शेडमध्ये मोडक्या बाकांशेजारी भिंतीला टेकवून उभा केला. दक्षिणेचा त्याहून लहान होता. काका म्हणाले, तो घरी आण. प्राचार्यांनी आनंदाने परवानगी दिली; फक्त लेखी काही मागू नका म्हणाले.

मैदागिनपर्यंत तो ट्रॉलीवर आला. पुढे गल्ली. प्लास्टर झडू नये म्हणून मी त्याला पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोरीने बांधलं होतं, आणि तो आडवा धरून खांद्यावर घेतल्याशिवाय वळणांवरून निघत नव्हता. चौघांनी खांदा दिला. पांढऱ्या कापडात बांधलेली लांबट वस्तू चौघांच्या खांद्यावर पाहून बनारसी माणूस जे करतो तेच लोकांनी केलं. स्कूटरी भिंतीला लागल्या, दुकानदार उभे राहिले, काहींनी हात जोडले. मागून कुणीतरी "राम नाम सत्य है" म्हणालं आणि पुढच्या दोघांनी सवयीने ते उचलून धरलं. पानवाल्याने मात्र मला ओळखलं.

"गुरु, उलटा काहे लिए जा रहे हैं? मणिकर्णिका तो उधर है।"

"पहाड़ है," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला आणि चुना लावू लागला. "हम भी कहें, कोई रो नहीं रहा।"

काकींनी दारातच विचारलं, "आणि ठेवणार कुठे? या घरात मला पोळपाट ठेवायला जागा नाही." पण पत्र्याच्या दोन ट्रंका खाटेशेजारी ओढून त्यांच्यावर जुनी सतरंजी घालूनही ठेवली होती. तुकडा त्यांच्यावर बसला. मी काकांना उशांच्या आधाराने बसतं केलं आणि त्यांचा उजवा हात दक्षिणेच्या टोकावर नेऊन ठेवला.

कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा असा दिसला नव्हता. बोट चालू लागलं. "ही कनहर," ते म्हणाले. "हे दुद्धी. इथे पुठ्ठा कमी पडला होता, वर्तमानपत्र भरलं आहे." काचेवर बोट आलं तेव्हा म्हणाले, "थंड आहे." मग धरणाच्या खालून रिहंदच्या पात्रात उतरून ते उत्तरेला निघाले. बोट आता भराभर सरकत होतं. रस्ता ओळखीचा होता, पुढे चोपन होतं, चोपनला सोन होती. तिथे बोट कडेवरून घसरलं आणि हात खाली ट्रंकेवर आपटला.

"पडलो की रे," काका हसून म्हणाले. त्यांनी हात पुन्हा वर आणला आणि कडेवरून अलगद फिरवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"सोन कुठे आहे?"

"पलीकडच्या तुकड्यावर," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

"पलीकडच्या कशी असेल? करवत कुठून चालवलीस?"

"तुम्ही सांगितलं तिथूनच. नदीतून."

त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चोळली. बोटांना पांढरी पूड लागली होती.

"करवतीला जाडी असते," काका म्हणाले. उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यावर म्हणायचे तसं, जराही न रागावता. "दोघांनाही सुचलं नाही."

मला टेबलाखालचा ढीग आठवला, त्यातली निळी झाक आठवली.

"भुकटी ठेवली आहेस का?"

"झाडून नेली."

"हं."

काकी चहा घेऊन आल्या. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तो हातातच धरून उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे आळीपाळीने बघू लागल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. शेडमधला तुकडा आणवून दोन्ही जोडू, मधे निळा रंग भरू, असलं काही. पण तो तुकडा या गल्लीत येत नाही, या खोलीत मावत नाही, आणि रंगाची नदी बोटाला लागत नाही. तिघांनाही हे माहीत होतं.

अजूनही मी संध्याकाळी जातो. नकाशा बरा आहे का, असं ते आता विचारत नाहीत. ते दुद्धीहून निघतात, काचेवरून जातात, रिहंदच्या काठाकाठाने वर येतात. चोपनच्या जरा अलीकडे बोट आपोआप मंदावतं आणि थांबतं. हल्ली ते पडत नाही. जमीन कुठे संपते ते बोटाला पाठ झालं आहे.