डाव्या बाजूची चाकं

ट्रकच्या गॅरेजात उस्तादांचा शब्द शेवटचा असे. गंजून बसलेल्या नटाला त्यांनी पाना लावला की मालक निर्धास्त चहाला निघून जायचा. आणि आता निवृत्तीनंतर, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर, रिमोटवर पळणाऱ्या वीतभर गाडीने त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

गाडी बायकोने आणली होती. "घरी बसून माझ्या कुकरचे स्क्रू आवळत राहाल, त्यापेक्षा हिच्याशी खेळा," म्हणाली होती. ती गेल्यापासून गाडी कपाटावर पडून होती. मागच्या भेटीत नात सबंध दुपार मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली आणि निघताना एवढंच म्हणाली, "आजोबा, ती गाडी चालते का हो?"

"पुढच्या वेळी चालेल की!" उस्ताद बोलून बसले. झालं, शब्द दिला. आज संध्याकाळी ती येणार होती. गाडी सोडली तर तिच्याशी बोलायला त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

टायर झिजून गुळगुळीत झाले होते, म्हणून नवी चाकं आणली. उजवीकडची जुनी चाकं मुकाट निघाली. डावीकडची हलेनात. उस्तादांनी तेल सोडलं, गरम इस्त्री टेकवली, गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दातओठ खाऊन जोर लावला, तसे नट आणखीच रुतले. शेवटी सवयीने ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, जरा चाक धर!"

चाक धरायला ती येणार कुठून?

मग आठवलं. गाडी नवी असताना तिने चाक धरलं होतं, यांनी असाच जोर लावला होता आणि ती हसत सुटली होती. "अहो, हा ट्रक नाही! इथं डावं-उजवं सगळं एकाच बाजूने उघडतं." त्यांच्या जुन्या ट्रकांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असायचे. जन्मभर ते उलटे फिरवून हाताला तेच वळण लागलेलं. म्हणजे सकाळपासून उस्ताद नट सोडवत नव्हते, आवळत होते! एवढे मोठे कारागीर, आणि 'अहो, चुकताय' म्हणायला घरात कुणी नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

गाडी गुडघ्यांत दाबून त्यांनी पाना दुसऱ्या बाजूला फिरवला. कट्‌कन आवाज झाला आणि नट सुटला. मग दुसराही.

"सुटलं गं," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आज नाही जमत हो. हिचा क्लास आहे. पुढच्या रविवारी नक्की येतो."

"बरं. तिला सांग, गाडीचं थोडं काम राहिलंय."

फोन ठेवून त्यांनी नवी चाकं चढवली. नट मात्र नुसते बोटांनी फिरवले आणि पाना पेटीत टाकला. शेवटचा पीळ द्यायला समोरचं चाक धरणारं कुणीतरी लागतं.