नांदेड दिसून नाही राहिलं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धप्रिया सोनकांबळे लातूरकडे जाणाऱ्या एसटीत होती. आदल्या दिवशी ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती. रात्रभराचा प्रवास करून नांदेडला उतरली आणि तिथून तिने ही गाडी धरली. अंगावरच्या पांढऱ्या साडीला गर्दीच्या चुण्या पडल्या होत्या. चाकूरच्या स्टँडवर गाडी लागली आणि फोन वाजला.

"मॅडम, नांदेड दिसून नाही राहिलं," लातूरच्या क्लासमधून आलोक म्हणाला.

ती हसली. "आत्ताच तिथून निघाले मी. आहे जागेवर."

"चेष्टा नका करू. नांदेडच्या एकाही मशीनवर पेपर उघडेना. इथलं इंटरनेटपण गेलंय. पोरं येऊन बसलीत."

हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून घ्यायचं विसरून गेल्यासारखं.

ती लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये नेटवर्क सांभाळायची. भूकंपाने लातूरचं नाव देशभर पोचलं होतं. पुढे निकालांनी पोचवलं. बुद्धप्रिया भूकंपाच्या पुढच्या वर्षी मुखेडला जन्मली आणि नांदेडला शिकून कामाला लागली, तोवर लातूरच्या गल्लोगल्ली क्लास, मेस आणि होस्टेलच्या पाट्या लागल्या होत्या. तिच्या क्लासची एक शाखा नांदेडला होती. दोन्ही शाखांत संगणक आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये फायरवॉल नावाची एकेक चपटी पेटी असे. काय आत येऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे ती ठरवायची. कुठली माहिती कुठल्या तारेने जाणार, हेही तिलाच सांगून ठेवावं लागे.

त्या सांगण्यावरूनच पावसाळ्याच्या तोंडाला वाद झाला होता.

नवीन लाइन आली होती, माहितीचे रस्ते नव्याने ठरवायचे होते. संचालक शरदचंद्र सरांचा भाचा आलोक हैदराबादहून कोर्स करून आला होता. त्याला डायनॅमिक राउटिंग हवं होतं. त्यात पेट्या आपसात बोलतात. लातूरची पेटी नांदेडच्या पेटीला विचारते, तुझ्याकडून कुठकुठं जाता येतं? ती सांगते. एखादी तार तुटली की दोघी मिळून दुसरी वाट काढतात.

बुद्धप्रियाला स्टॅटिक हवं होतं. एकेक रस्ता आपल्या हाताने लिहायचा. पेटीने कुणाला विचारायचं नाही.

"मॅडमचे वडील एसटीत डायव्हर होते ना," आलोक सरांना म्हणाला होता. "म्हणून यांना ठरलेला मार्ग आवडतो."

"मुखेड डेपोत होते," ती म्हणाली. "ठरलेला मार्ग सोडून गाडी नेली की मेमो मिळायचा. पण गाडी कुठं आहे हे समद्यांना ठाऊक असायचं. तुमची पेटी कुणाचंही ऐकणार. उद्या नांदेडची पेटी काही भलतंच बोलली तर?"

"पेटी कशाला भलतं बोलेल?"

"माणसं तरी कशाला बोलतात?"

सर हसले होते. मग हसणं थांबवून त्यांनी मुद्द्याला हात घातला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. वरच्या क्रमांकाच्या मुलांना दोन वर्षं फी नाही. दरवर्षी माहूर, मुखेडकडच्या मुलांना त्यासाठी लातूर गाठावं लागे आणि निम्मी येतच नसत. यंदा परीक्षा ऑनलाइन घेऊ, पेपर लातूरच्या सर्व्हरवर ठेवू आणि मुलांना नांदेडलाच बसवू, हा आग्रह बुद्धप्रियाचा होता.

"तुझ्या शब्दावर ठेवतो," सर म्हणाले होते. "रस्ते तुझ्या पद्धतीने लिही. पण परीक्षा फसली, तर नांदेडला पुन्हा परीक्षा नाही, आणि त्या सर्व्हर रूममध्ये तू नाहीस."

"चालेल सर."

तो रविवार आज होता.

चाकूर सुटल्यावर तिने आलोकला पुन्हा फोन लावला. "पेटी उघडा. मी लिहिलेले रस्ते वाचून दाखवा."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. "न्हाईत," तो म्हणाला.

"काय नाहीत?"

"रस्ते. तुमचा एकपण न्हाई. जुन्या लाइनचे आहेत, पावसाळ्याआधीचे."

खिडकीबाहेर सोयाबीनची काढलेली रानं मागे जात होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तार तुटते हे तिला माहीत होतं. पेटी जळते, उंदीर केबल कुरतडतो, तेही तिने पाहिलं होतं. पण हाताने लिहिलेला रस्ता आपणहून उठून जात नाही. सगळा भरवसा त्याच्यावर तर होता. कुणीतरी आत शिरून पुसले असतील? पायाखालची गाडी चालते आहे याचंही भान तिला उरलं नाही.

"मॅडम, ऐकून राहिले का? मी डायनॅमिक चालू करतो. शिवलिंगला तिकडून करायला सांगतो." शिवलिंग नांदेडच्या शाखेतली संगणकांची खोली बघायचा.

"थांबा. मी पोचते."

"तुम्ही पोचेपर्यंत पोरं घरी जातील."

थोड्या वेळाने तिला शिवलिंगचाच फोन आला. आवाजात दिवाळी होती. "मॅडम, लागलं! आलोकसरांनी सांगितलं तसं केलं अन् लागलं बघा. पोरांनी पेपर सुरू केला."

तिने डोळे मिटले. आपण हरलो आणि परीक्षा वाचली, एवढं तिला कळलं. वाईट वाटायच्या आत सुटल्यासारखं वाटलं. पण गाडी लातूरच्या वेशीला लागते न लागते तोच पुन्हा शिवलिंग. आता आवाज बसलेला. "समदं गोठलंय मॅडम. प्रश्न दिसतोय, पण उत्तर जाईना. एक पोरगी रडून राहिली."

स्टँडवरून रिक्षा करून ती क्लासवर आली आणि चपला न काढताच सर्व्हर रूममध्ये शिरली. आलोक पडद्यासमोर बसला होता, कानशिलं घामाने चमकत होती. दारात सर उभे होते. त्यांच्याशेजारी खुर्चीवर त्यांच्या आई, चंद्रप्रभाबाई. सगळे त्यांना आजी म्हणत.

बुद्धप्रियाने पेटीकडे पाहिलं. पेटीच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. वर आपट्याची पानं आणि अर्धवट सुकलेलं झेंडूचं फूल.

"काल पूजा केली?"

"दसऱ्याला करतोच की," सर म्हणाले.

"पेटी बंद केली होती?"

मग आजी म्हणाल्या, "मी करायला लावली. गेल्या वर्षी चालू पेटीलाच कुंकू लावलं होतं. पण यंदा दसरा नेमका तीस तारखेला आला. मला धीर झाला नाही."

तीस सप्टेंबर, किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. त्या पहाटे लातुरात आजींच्या घराची मागची भिंत पडली, तिच्यासोबत विजेची तार अंगणात आली, आणि जाऊबाईंनी अंधारात तीच तार बाजूला सारायला हात घातला. त्यानंतर आजी घरातला मिक्सर पुसायचा असला तरी मेन स्विच पाडत. हे क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

बुद्धप्रिया स्टूल ओढून बसली. कुणी आत शिरलं नव्हतं, कुणी काही पुसलं नव्हतं. नवे रस्ते लिहिताना ती ते नेहमी पेटीच्या तात्पुरत्या स्मरणात ठेवायची. हातून चूक झाली आणि पेटीने आपल्यालाच बाहेर काढलं, तर बंद करून चालू केलं की जुनं सगळं परत येतं. या कामातली माणसं असंच करतात. चाचणी झाली की कायमचं जतन करायचं. ते एक शेवटचं पाऊल राहून गेलं होतं. बॅटरी आणि जनरेटरवरची पेटी पावसाळाभर एकदाही विझली नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. जे रस्ते ती दगडावरच्या रेघा समजत होती, ते पेटी जागी होती तोवरच होते. काल सुट्टीच्या दिवशी ती विझली आणि ते गेले.

"मॅडम, काय करू?" आलोकने विचारलं.

ती पडद्याकडे वळली. आता गोठलं का, हे तिला वाचताच दिसलं. लातूरच्या पेटीला बाहेर जायचा रस्ता उरला नव्हता. आलोकने बोलणं सुरू करून दिल्यावर नांदेडच्या पेटीने आपल्याला माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं: नांदेड माझ्याकडे आहे, आणि सगळ्या जगाचा रस्ताही माझ्याकडूनच जातो. लातूरने ऐकलं. मग लातूरच्या चार मजल्यांचं इंटरनेट नांदेडच्या त्या बारक्या लाइनमधून जाऊ लागलं आणि परीक्षा त्याखाली चेंगरली.

"हे तुम्ही जूनमध्येच म्हणाला होता," आलोक पुटपुटला.

"मी लिहिलेलं तर उरलंच नाही. सरका जरा."

तिने बाहेरचा रस्ता हाताने लिहिला. डायनॅमिक बंद करावं म्हणून बोट पुढे गेलं आणि थांबलं. त्याच्यामुळेच तर नांदेड सापडलं होतं. तिने पेट्यांचं बोलणं चालू ठेवलं आणि लातूरला एवढंच बजावलं: नांदेडने नांदेडबद्दल सांगितलं तर मान, बाकी काही मानू नकोस. मग जतन केलं. पुन्हा एकदा जतन केलं.

फोनवर शिवलिंग ओरडला, "हाव! गेलं उत्तर! गेलं!"

उशिरा का होईना, वेळ वाढवून देऊन परीक्षा पार पडली. दुपारी सगळे सरांच्या खोलीत बसले. चहा आला, पण कुणी कप उचलेना.

"म्हणजे पूजेमुळे झालं," आलोक हळूच म्हणाला. "पेटी बंद केली नसती तर काहीच झालं नसतं."

आजींचा हात पदराशी गेला. "माझ्यामुळे पोरांचं..." सर आईकडे बघत राहिले. खोलीतल्या सगळ्यांना ते पटत होतं. बुद्धप्रियाने नुसतं गप्प बसायचं होतं. तिची खोली तिच्याकडे राहिली असती.

"वीज बंद करून हात लावला, ते बरोबरच होतं आजी," ती म्हणाली. "पेटी कधीतरी बंद होणारच. बंद होऊन चालू झाल्यावर जे टिकत नाही, ते मी तुमच्या सगळ्यांच्या भरवशाला ठेवलं होतं. चूक माझी आहे."

आलोकने मान वर केली. "मॅडम, तुम्ही आल्या नसत्या तर—"

"तुझ्यामुळे गोठलं, ते मी बघितलंय," सर त्याला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "जूनमध्ये काय बोलणं झालं होतं?"

"आठवतं सर."

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं."

"हो सर."

सरांनी थंड झालेला कप बाजूला सरकवला. "नांदेडची परीक्षा दरवर्षी होईल. पार पडली ती. पण सर्व्हर रूम आलोककडे. तू नांदेडची शाखा बघ."

हे होणार हे तिला ठाऊक होतं. तरी ऐकल्यावर समोरचं कपाट हे कपाट आहे, एवढंही क्षणभर तिला उमगेना. मग ती उठली. दारात आजींनी तिचा हात धरला.

"गप का नाही बसलीस गं?"

"तुम्ही रात्रभर जागल्या असत्या."

आजींनी हात सोडायला वेळ घेतला.

आता ती नांदेडला असते. शिवलिंगच्या खोलीत तिचं टेबल आहे, खिडकीतून गुरुद्वाराकडे जाणारे यात्रेकरू दिसतात. संक्रांतीच्या सुमाराला आलोकचा फोन आला. लातूरला तिसरी लाइन घेतली होती.

"रस्ता कसा घेऊ मॅडम? हाताने लिहू, का पेट्यांनाच ठरवू देऊ?"

"लाइन कुठं जाते?"

"औशाच्या नव्या होस्टेलला. एकच तार आहे."

"एकाच तारेला पेट्यांनी बोलून काय करायचं? हाताने लिहा. दुसरी आली की बघू."

"लिहिलं. जतनपण केलं."

"पेटी बंद करून बघितली?"

"चालू वर्गात?"

"वर्ग सुटल्यावर करा. मी फोनवर थांबते."

वर्ग सुटला. आलोकने स्विच पाडला, हे तिला आवाजावरून कळलं. पंख्यांची घरघर विरत गेली आणि थांबली. मग पेटी पुन्हा सुरू झाली, आणि तो एकेक रस्ता वाचून दाखवू लागला.