दोघांचं सुलटं

आमच्या शेडमधल्या वेल्डरला सगळे दाजीच म्हणत. खरं तर ते एकट्या छोट्याचे दाजी, त्याच्या बहिणीचे यजमान. पण छोट्या कामाला लागला आणि बघता बघता मालकही त्यांना दाजी म्हणू लागले. मी तिथला फिटर.

दाजी डावरे, आणि पक्के संशयी. मशिन चालू करण्याआधी केबल चाचपत जायचे, वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर प्लसला आहे की मायनसला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. चपला घालतानाही डावी-उजवी तपासता का, असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे. एका कामावर दोन मशिनं लागली की मात्र हसायचे नाहीत. एकाचा होल्डर प्लसवर आणि दुसऱ्याचा मायनसवर असेल, तर त्या दोन होल्डरांमध्ये दोन्ही मशिनांचा जोर एकत्र येतो. एका मशिनचा झटका माणूस शिवी हासडून विसरतो; हा दोन्हींचा घामेजल्या अंगाला सोडत नाही. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

छोट्याचं मशिनही ते तपासायचे, सगळ्यांदेखत. छोट्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग. एकदा त्याने हेल्मेट आपटलं आणि घरी जाऊन बहिणीपुढे रडगाणं गायलं. तिने दाजींना बजावलं, माझ्या भावाचा चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. असल्या नाजूक माणसांची मला चीड येते, आणि त्यांची मनं राखत बसणाऱ्यांची त्याहून जास्त. पण दाजींचं बायकोपुढे काही चालत नसे. तपासायचं सोडून ते नुसतं विचारायला लागले.

मग ती मोठी टाकी आली. आत दोघं शेजारी बसणार. छोट्या डावीकडे, उजव्या हाताने काम करणारा; दाजी उजवीकडे, डावरे; म्हणजे दोन्ही होल्डर मधोमध, हातभर अंतरावर. छोट्याने सकाळी पातळ पत्र्याचं काम उरकून मशिन तसंच टाकीला जोडलं होतं. दाजी त्या मशिनकडे वळले, छोट्याचा चेहरा बघितला आणि थांबले.

"तुझं सुलटं आहे ना?"

"सुलटंच आहे."

दाजींचं सुलटं म्हणजे होल्डर प्लसवर. छोट्या शिकला पातळ पत्र्यावर. तिथे होल्डर मायनसला ठेवतात, नाहीतर पत्र्याला भोक पडतं. त्याचं सुलटं ते. छोट्या खरंच बोलला होता, हे मला मागाहून कळलं.

आत भट्टी झाली होती. छोट्याची केबल अडकली. ती सोडवायला त्याने आपला होल्डर दाजींच्या रिकाम्या हातात दिला. दाजींनी निर्धास्तपणे घेतला. हातमोजे घामाने चिंब, आणि आमच्याकडच्या होल्डरांच्या मुठी कायम झिजलेल्या. छोट्याची हाक ऐकून मी मेन स्विच पाडला, पण दाजी गेले होते.

त्यांच्या घरी मीच छोट्याला घेऊन गेलो. तो बहिणीला सारखं सांगत होता, ताई, मी खोटं नाही बोललो.

"ते तुझं मशिन बघायला गेले नाहीत?" तिने विचारलं. "ते तर सगळंच बघायचे."

मग तिलाच आठवलं.

"मीच नको म्हणाले होते," ती म्हणाली, आणि भावाकडे बघत राहिली. तसं काही नाही गं, एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही.